दोन पानांची गोळी

४ मार्च

मामा,

नमस्कार-चमत्कार शेवटी. आधी गोळी, मग खुशाली, असा तुझा हुकूम आहे आणि मी तो पाळते आहे.

बस सुटता सुटता खिडकीतून माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "शहरातली चांगली गोळ्यांची दुकानं शोधायची. दर रविवारी एक दुकान, एकच गोळी. तोंडात टाकल्यापासून संपेपर्यंत काय काय झालं ते कागदावर लिहायचं. फोन करायचा नाही. फोनवर तू 'मस्त' म्हणतेस आणि विषय संपतो." आई शेजारीच उभी होती. तिला वाटलं तू मला सांभाळून राहायला सांगतोयस. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

तर पहिलं दुकान पुलाखाली आहे. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट आहे ती. आतला माणूस बाहेर आल्याशिवाय बाहेरच्याला आत जाता येत नाही. दोन्ही भिंतींना छतापर्यंत बरण्या आहेत आणि मधोमध चाकांची शिडी. दुकानदार त्या शिडीवरच राहतो म्हटलंस तरी चालेल. मी त्यांचं नाव शिडीकाका ठेवलंय. त्यांच्याकडे मागायची सोय नाही. ते वरून आपलं तोंड न्याहाळतात, पायाने भिंतीला रेटा देतात, घरंगळत कुठेतरी जातात आणि एक बरणी काढतात. माझ्या आधीच्या गृहस्थांनी लिंबाची मागितली, तर म्हणाले, "लिंबू नको. आधीच वैतागलेले दिसताय." आणि मधाची दिली. ते गृहस्थ निमूटपणे चोखत निघून गेले!

मला दिली संत्र्याची. रसाची नव्हे, सालीची. मामा, काय सांगू तुला! आधी वरची पिठीसाखर विरली आणि मग संत्रं सोलताना डोळ्यात उडतो ना फवारा, तो थेट नाकात. पाठोपाठ कडवटपणा येऊ लागला, पण शिष्टासारखा, दारात थांबून. आणि तेवढ्यात मी गोळी कडकन चावली. संपली.

खुशाली अशी: खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली सायकलवाला. लॅबमध्ये दिवसभर मी लोकांच्या कवळ्यांचे दात मेणात बसवते. आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं की माझा मामा गोळ्या करतो, तर म्हणाल्या, "म्हणजे तो दात किडवून गिऱ्हाईक पाठवणार आणि तू त्यांच्या कवळ्या करणार. धंदा घरातल्या घरात." मामीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी


१३ मार्च

चावऱ्या भाचीस एक आशीर्वाद आणि दोन धपाटे,

गोळी चावलीस? सगळ्या सुट्ट्या माझ्या ओट्याजवळ काढल्यास, आणि चावलीस? अगं, सालीची गोळी करणारा माणूस शेवटासाठी जिवाचा आटापिटा करतो, आणि तू तो शेवट दाढेखाली घातलास. त्या शिडीवरच्या माणसाला कळलं असतं तर त्याने वरूनच तुझ्यावर बरणी सोडली असती. कवळ्या करणाऱ्या बाईने दातांचा असा माज करू नये. पुढच्या वेळी तोंडात टाकलीस की हात मांडीखाली घालून बस, जीभ सोडून काही हलवू नकोस.

पण लिहिलंयस झकास. तो फवारा मी वाचला आणि कढईपाशी उभा राहून परत वाचला. तुझी मामी म्हणाली, पत्र आहे की पोथी?

आता नीट ऐक. गोड, आंबट, कडू याबद्दल थोडक्यात लिहिलंस तरी भागेल, ते मला अंदाजाने कळतं. नाकात काय आलं ते मात्र पसरून लिही. आधी काय आलं, मागून काय आलं, गेल्यावर काय उरलं. कंजूषपणा करू नकोस. कागद संपला तर दुसरा घे.

इकडे सगळं ठीक. लिंबू, बडीशेप, आलेपाक गोळी नेहमीसारखी चालू आहे. मापं वर्षानुवर्षांची, हात आपोआप घालतात. खाली मामीला दोन ओळी लिहायच्या आहेत, तिला जागा देतो.

मामा

ता. क. भिंगरे, तुझा मामा फार शहाणा झालाय बरं का. थंडीतल्या तापातून उठल्यापासून ताटाला एकदाही नाव ठेवलेलं नाही. परवा आमटीत मीठ घालायला विसरले, तरी वाटी संपवून "वा" म्हणाला. इतक्या वर्षांनी माझ्या हाताला चव आली म्हणायची! पोट सांभाळ. मामी


२४ मार्च

मामा,

चावली नाही. तुझ्या कढईची शपथ. हात खरोखरच मांडीखाली घालून बागेतल्या बाकावर बसले होते, आणि एका आजोबांनी येऊन विचारलं, बरं वाटत नाहीये का.

हे दुकान दोघा भावांचं. जुळे आहेत, पण एक जन्मभर कढईजवळ राहून लालबुंद झालाय आणि दुसरा ओट्याजवळ राहून पांढराफटक, त्यामुळे ओळखू येतात. दोघांत अबोला आहे. किती वर्षांचा आणि कशावरून, ते शेजारच्या कागदवाल्यालाही ठाऊक नाही. तो म्हणतो त्यांनाही आठवत नसणार. बोलायचं ते गिऱ्हाइकाच्या मार्फत. मी आत पाऊल टाकलं आणि लाल भाऊ मला म्हणाला, "त्यांना विचारा, आज कापायचा विचार आहे की उद्या?" मी विचारलं. पांढरा म्हणाला, "सांगा, पाक अजून ओला आहे, कापला तर कात्रीला चिकटेल." मी सांगितलं. माझ्यामागे एक बाई होत्या, त्या सरावाने म्हणाल्या, "तुमचं झालं की मी पुढचं सांगते."

पण मामा, पाक ओढायची वेळ आली ना, तेव्हा मात्र बघत राहावं. भिंतीतल्या आकड्याला तो पिवळा, काचेसारखा गोळा अडकवतात आणि दोघं मिळून ओढतात. एक ओढतो, दुसरा झेलतो, दुमडतो, परत आकड्यावर. एक शब्द नाही, एक चूक नाही. हळूहळू पाकातला पिवळेपणा गेला आणि रेशमाची पांढरी लड झाली. ज्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही, त्यांचे हात इतके एकमेकांचे असू शकतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला भरून आलं. लाल भाऊ मागच्या बाईंना म्हणाला, "त्यांना सांगा, या मुलीच्या डोळ्यात वाफ गेली, बाजूला उभं करा."

गोळी लवंगेची. छोट्या उशीसारखी, आतून केसाएवढी पोकळ. सुरुवातीला नुसती गोड, मला वाटलं फसवलं. मग ती पोकळी उघडली. लोकरीचे कपडे कपाटातून पहिल्यांदा बाहेर काढताना येतो ना, तसा उबदार, बंद, जुना वास मागून वर आला, टाळूला टेकला आणि तिथेच राहिला. जीभ किंचित बधिर. गोळी गेल्यावरही श्वास घेतला की लवंग, सोडला की लवंग. जिना चढून खोलीत येईपर्यंत मी मुद्दाम तोंड उघडलं नाही.

एक विचारू? हे सगळं तू उगाच लिहवून घेत नाहीयेस. शहरात दुकान टाकायचा बेत आहे ना? टाक! मी रविवारी गल्ल्यावर बसेन.

भिंगरी


६ एप्रिल

चि. गल्ल्यावरच्या शेटाणीस,

लवंगेचं पान मामीने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. ती गोड खात नाही, तरी ती पोकळी उघडली तिथे थांबली आणि म्हणाली, "पोरीला लिहिता येतं हं." भावांचं वाचून हसलो, आणि मग हसू थांबलं. तुझं म्हणणं खरं आहे, हातांचं वेगळंच असतं.

शहरात दुकान वगैरे काही नाही. माझा जीव इथल्या ओट्यात आहे. पण तुझ्यापासून काय लपवायचं, गोष्ट अशी आहे. शेजारच्या शिंप्याला मशिनं वाढवायची आहेत आणि त्याने माझी मागची खोली मागितली आहे, म्हणजे कढई, ओटा, सगळंच. पुढे नुसतं दुकान ठेवा म्हणतो, तयार गोळ्या आणून विका. माणूस भला आहे, सक्ती नाही. मी त्याला म्हटलं, थोडं थांब. मला एक नवी गोळी करून बघायची आहे. आजवर कुणाचं न बघता, न विचारता केल्या. ही शेवटची परीक्षा समज. जमली तर कढई राहील. नाही जमली तर पडदे-परकर शिवायला खोली त्याची.

कारण विचारू नकोस. वय झालं म्हण. तू दुकानं शोधत राहा आणि मला चांगल्या चांगल्या गोळ्या पाठव, म्हणजे कागदावरच्या. तुझ्या पत्रांवरच मी नवी गोळी बेततो आहे.

मामा


२२ एप्रिल

मामा,

कढई राहणारच. वय झालं म्हणे! शिंप्याला म्हणावं, गच्चीवर मांडव घाल.

दोन दुकानं झाली. एक जुन्या औषधवाल्याचं, तिथे अजून औषधांच्याच खणांतून गोळ्या देतात. पुदिन्याची घेतली. पातळ चकती, कागदासारखी. तोंडात खिडकी उघडली आणि गार वारा आत आला, इतकं स्वच्छ. चकती गेली तरी खिडकी उघडीच राहिली.

पण दुसरं दुकान, मामा! या शहरात याच्यावर काही असेल असं मला वाटत नाही. बस डेपोच्या मागे आहे आणि पाटीसुद्धा नाही. आत एक टेबल, टेबलावर एकच बरणी, बरणीमागे जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई. सकाळी बरणी भरते, रिकामी झाली की दुकान बंद. मी दोन रविवार हात हलवत परतले होते. लोक त्यांना एका बरणीच्या बाई म्हणतात आणि त्या रागावत नाहीत. मी विचारलं, दुसरी का नाही करत? म्हणाल्या, "ही अजून पूर्ण जमलेली नाही."

गोळी आल्याची. तुझीही आल्याची आहे, पण तुझी हाक मारून येते आणि ही पाऊल न वाजवता. आधी साधा, हलका गोडवा, त्यात मातीसारखं काहीतरी, नुकत्या खणलेल्या वाफ्याजवळून गेल्यासारखं. मग लिंबाचं पान चुरगळावं तसा वास येऊन गेला, इतका पुसट की खरंच आला का असं वाटावं. तिखट मात्र पार शेवटी आलं, गोळी टाचणीच्या डोक्याएवढी उरल्यावर, आणि छातीपर्यंत ऊब उतरली. डेपोवरचा ड्रायव्हर शेजारी उभा राहून तीच गोळी चोखत होता. बस सुटायची वेळ झाली होती, आतली माणसं ओरडत होती. त्याने बोट वर करून त्यांना थांबवलं, डोळे मिटून गोळी संपवली आणि मग गेला. आणि ती माणसं थांबलीसुद्धा. त्यांनीही कधी ना कधी ती खाल्ली असणार.

मी बाईंना तुझ्याबद्दल सांगितलं. म्हणाल्या, "त्यांची गोळी आण एकदा." नवी झाली की आधी पाठव!

भिंगरी


२० मे

चि. भिंगरी,

डबा पाठवतो आहे. नवी गोळी.

मन लावून केली आहे. खाऊन बघ, तुझ्या त्या बाईंना दे, आणि खरं काय ते लिही. शिंपी एक तारखेनंतर येऊन बसेल, त्याला उत्तर द्यायचं आहे.

मामा


२९ मे

प्रिय मामा,

डबा मिळाला. गोळी छान आहे. लॅबमध्येही सगळ्यांना आवडली.

सध्या कामाची फार गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. शिंप्याला नाही म्हणून टाक. मामीला नमस्कार.

भिंगरी


४ जून

चि. भिंगरी,

पुलाखालच्या साल घातलेल्या गोळीला तू पानभर दिलंस. अबोल्या भावांना दोन पानं दिलीस. एका बरणीच्या बाईंसाठी तर पाठपोट लिहूनही तुला कागद पुरला नाही, समासात आडवी ओळ घातलीस. माझ्या वाट्याला आलं "छान". वर नेहमी नुसतं "मामा" म्हणणारी तू, या वेळी "प्रिय" लावलंस. पोरी, तुला खोटं बोलता येत नाही. ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस.

आता मी खरं सांगतो, म्हणजे तुलाही सांगता येईल. थंडीतल्या त्या तापानंतर माझा वास गेला. पार गेला. जीभ गोड, खारट, कडू एवढं सांगते, पण लिंबू आणि बडीशेप मला आता सारखीच. कळलं कसं? कढईवर उभा होतो, पाक करपून धूर झाला, आणि दुकानातून मामी धावत आली. मी तिथेच उभा होतो, डाव हातात धरून. तिला म्हटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणतो, येईलही परत, नाहीही. जुन्या गोळ्या मापाने होतात, गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. मामीलाही माहीत नाही. गोळीवाल्याला वास येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? मला फार भीती वाटत होती, भिंगरे. अजूनही वाटते.

तुझी पत्रं येत होती तेव्हा मात्र वाटत नव्हती. तो संत्र्याचा फवारा मला आला होता. कागदावरून आला. म्हणून नवी गोळी तुझ्या पत्रांवरून केली. तू ज्याची ज्याची वाहवा केलीस ते सगळं तिच्यात आहे. साल, लवंग, पुदिना, आलं. आणि सगळं हात सोडून घातलं, कारण चाखताना मला काही लागेपर्यंत मी घालत गेलो. जीभ गार झाली, मग चुरचुरली, आणि इतक्या महिन्यांनी तोंडात काहीतरी घडलं म्हणून मी एकटाच मागच्या खोलीत हसलो. मला वाटलं, जमली.

आता लिही. जितकं त्या बाईंच्या गोळीबद्दल लिहिलंस तितकंच. माझ्यावर दया करू नकोस, तेवढी मेहेरबानी कर.

मामा


९ जून

मामा,

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. मग तोंड धुतलं आणि डबा उघडला. ऐक.

ती खाणाऱ्याचे हाल करते. सालीचा फवारा येतो, पण त्याला उभं राहायला जागाच नाही, कारण लवंग आधीच मधोमध बसलेली. पुदिना सगळ्या खिडक्या उघडतो आणि लवंगेची ऊब पळून जाते. आलं शेवटी येत नाही, दार फोडून येतं. थोड्या वेळाने वास उरतच नाही, नुसती झोंबाझोंबी, औषधाच्या कपाटात डोकं घातल्यासारखी. आमच्या मोठ्या बाईंनी खिडकीशी जाऊन ती गुपचूप कागदात गुंडाळली, मी पाहिलं. पहिल्यांदा खाल्ली तेव्हाच मला कोडं पडलं होतं. एका गोळीत एकच चव, हे तू मला लहानपणापासून घोकून घेतलंस. त्या तुझ्या हातून हे झालंच कसं? विचारायचा धीर झाला नाही, म्हणून "छान" लिहिलं. चूक माझीही आहे. मी सगळ्याचीच वाहवा करत सुटले.

आता दुसरं ऐक, तेही तितकंच खरं आहे. काल डबा घेऊन डेपोमागे गेले. बाईंना सगळं सांगितलं, तुझ्या वासाचंही. रागावू नकोस. त्यांनी गोळी चष्म्याजवळ धरून उजेडात फिरवली. टेबलावर टिचकी मारावी तशी आपटली आणि आवाज ऐकला. मग तोंडात घातली आणि, मामा, शेवटपर्यंत ठेवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण थुंकल्या नाहीत. संपल्यावर पाणी पिऊन म्हणाल्या, "एवढं सगळं एकीत कशाला?" आणि मग म्हणाल्या, "पण पाक कसला शिजवलाय! एक बुडबुडा नाही, धुरकटपणा नाही, कड कुठे टोचत नाही. माझा पाक इतका स्वच्छ कधी झालेला नाही. याला नाक लागत नाही. डोळे आणि कान लागतात."

त्यांनी एक गोळी खिडकीत ठेवून घेतली आहे. म्हणाल्या, "बघायला."

मामीला सांग. आजच सांग.

भिंगरी


२६ जून

चि. भिंगरीस,

हे पत्र मामीचं. तो लिहायला तयार नाही.

तुझं पत्र त्याने माझ्यासमोर ठेवलं, आपलंही तुला लिहिलेलं सगळं तोंडाने सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. मी आधी हसले. म्हणजे माझ्या हाताला चव बिव काही आलेली नव्हती, आणि मी मेली सहा महिने फुगून बसले होते! मग रडले. मग राग आला, आणि तो शेवटी आल्यामुळे सगळ्यात जास्त टिकला. एवढं सोसलं आणि मला सांगितलं नाही? आमचं तुझ्या त्या दोघा भावांसारखं झालं होतं, फक्त निरोप द्यायला गिऱ्हाईक नव्हतं. चहा झालाय हे मी मांजराला सांगत होते.

मग एके सकाळी त्याने कढई चढवली आणि म्हणाला, "वास घालायचाच नाही असं काहीतरी करतो." नुसती साखर. साल नाही, लवंग नाही, काही नाही. साखर जळायच्या जरा अलीकडे न्यायची आणि तिथेच थांबवायची, एवढाच उद्योग. कढईवर कान लावून उभा असतो. सुरुवातीला बुडबुडे घाईघाईने बोलतात, मग जड होतात, मग एक एक सावकाश फुटतो, असं तो सांगतो. मला तर सगळं बुडबुडच ऐकू येतं. पांढऱ्या बशीवर थेंब टाकून रंग बघतो. किती वेळा टाकून दिलं, विचारू नकोस. एकदा फिकी झाली, एकदा करपली. करपली की मी ओरडायचं, असं ठरलं आहे, नाक माझं. पण चव सांगायला मी कुचकामी. मला गोडाची आवड नाही, माझे शब्द दोनच, "बरी" आणि "नको". तो चिडतो. म्हणतो, भिंगरीला विचारा.

शिंपी टेप घेऊन येऊन गेला. खोली मापली. तुझ्या मामाने त्याला पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला उत्तर देतो म्हणून सांगितलंय. आणि परवा शेवटचा घाणा झाल्यावर कढई चिंच लावून घासली आणि पालथी घातली. पालथी, भिंगरे. आमच्या लग्नापासून ती कढई मी कधी पालथी पाहिलेली नाही. दुकानात बसतो आणि पोस्टमन दिसला की उठतो.

सोबत डबा आहे. या वेळी "छान" लिहिलंस तर तिथे येऊन कान उपटीन.

मामी


३० जून

मामा,

डबा आत्ता आला. लॅबमधून रजा घेतली आहे, दार लावलं आहे. गोळी तोंडात आहे आणि मी लिहिते आहे, म्हणजे मागून काही विसरायला नको.

रंग आधी सांगते. कडेला मध, आत गेलं की गडद, चहाचा कप उजेडात धरावा तसा. आरपार दिसतं. हिच्यातून मला सायकलवाल्याची पाटी वाचता आली.

पहिल्यांदा काहीच नाही. गुळगुळीत, थंड, नंतर गोड. साधं गोड. मी थोडी घाबरले, खरं सांगते. मामाने यात काही घातलेलंच नाही, आता मी लिहू काय, असं वाटलं.

आता बदलतंय. लोणी कढवताना शेवटी येतो ना, तो वास. खमंग, पण अजून लांबून, शेजारच्या घरात कुणीतरी कढवत असल्यासारखा. तो जवळ आला आणि त्याच्या मागून भाजलेल्या दाण्यांचा आला. दाणे नाहीत हिच्यात, हे मला माहीत आहे. साखरच आहे. एका साखरेत इतकं काय काय होतं, मग आपण इतकी वर्षं तिच्यात दुसरं काहीतरी का घालत होतो?

इथे एक खोट आहे, तीही लिहिते. मधे गोडवा जरा जास्त रेंगाळतो. पुढच्या घाण्याला थेंबभर आणखी गडद ने. घाबरू नकोस, मामी ओरडेल.

गोळी निम्मी झाली. आता कडू येतंय. सालीचं कडू वेगळं होतं, ते दारात थांबलं होतं. हे घरचंच आहे. गोडाच्या आतून निघालं, कुठून सुरू झालं ते सापडत नाही. त्याच्याबरोबर धूर येतोय, अगदी बारीक, चूल विझवून बराच वेळ झाल्यावर स्वयंपाकघरात राहतो तेवढाच. मामा, हा धूर तुला कधीच कळणार नाही कदाचित. तू हा कानाने ऐकून, डोळ्याने बघून इथपर्यंत आणलास आणि नेमका इथेच थांबवलास. एक क्षण उशीर झाला असता तर करपली असती. मला तुझा इतका अभिमान वाटतो आहे की अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

पुलाखालच्या फवाऱ्यापेक्षा ही चांगली आहे. भावांच्या लवंगेपेक्षा चांगली आहे. डेपोमागच्या बाईंच्या गोळीपेक्षा? मी तीनदा विचार केला. त्यांच्या गोळीची मला आठवण येते. हिच्यापासून मला उठवत नाहीये.

शिंप्याला नाही सांग. आणि कढई सुलटी कर, हे पत्र खाली ठेवायच्या आधी.

आता मुगाएवढी उरली आहे. गोड गेलं, कडू गेलं, खमंगपणा तेवढा टाळूला आहे. आता तोही पातळ होतोय. जीभ लावली की आहे, काढली की नाही.

संपली.

डब्यात अजून पुष्कळ आहेत, पण दुसरी आज घेणार नाही. आधी हे सगळं पहिल्यापासून वाचून काढते, कुठे काही राहिलं का ते बघते. कारण ही गोळी तुला याच कागदावर खायची आहे.

भिंगरी